राळा म्हणजे काय? त्याचे फायदे किती खरे आणि ज्वारीच्या परभणीत त्याची गरज किती?

'रोज राळा खा, शुगर पळवा', 'भात सोडा, राळा धरा', 'राळ्यात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम' असे रील्स आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड गेल्या काही वर्षांत घराघरांत पोहोचले आहेत. किराणा दुकानात आणि ऑनलाइन राळ्याची आकर्षक पाकिटं मिळतात. त्यांचा भाव साध्या ज्वारीच्या बराच वर असतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं अभिमानाने सांगणाऱ्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. इथल्या ताटात पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकर आहे, आणि ज्वारी हेसुद्धा मिलेटच आहे. मग भाकर बाजूला सारून महागडा राळा आणायची खरंच गरज आहे का? राळ्याचे फायदे कोणते आणि फुगवलेले दावे कोणते?

थोडक्यात

- राळा पौष्टिक आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी तो खाल्ला तर फायदा होतो.
- लोहासाठी बाजरी आणि ज्वारी, तर कॅल्शियमसाठी नाचणी राळ्याच्या पुढे आहे.
- मधुमेहात राळ्याची मदत होऊ शकते, पण तो औषधाची जागा घेत नाही.
- ज्वारीची भाकर खाणाऱ्याने राळ्यासाठी ती सोडण्याचं काही कारण नाही.

राळा नेमका कोणता?

राळा म्हणजे फॉक्सटेल मिलेट. शास्त्रीय नाव सेटारिया इटालिका. कणीस केसाळ आणि खाली झुकलेलं असतं, कोल्ह्याच्या शेपटीसारखं दिसतं, म्हणून हे इंग्रजी नाव पडलं. दाणा मोहरीसारखा बारीक आणि पिवळसर असतो.

मराठीत याला राळा, राळे किंवा कांग म्हणतात. पाकिटावर मात्र दुसऱ्याच भाषेतलं नाव असू शकतं. हिंदीत कंगनी किंवा काकुन, कन्नडमध्ये नवणे, तेलुगूत कोर्रा आणि तमिळमध्ये तिनै ही सगळी राळ्याचीच नावं आहेत.

इथे दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला भगरीचा. उपवासाला चालणारी भगर म्हणजे वरई किंवा तिच्यासारखं दुसरं बारीक धान्य. तिचा दाणा पांढरट असतो आणि राळा हे वेगळं धान्य आहे. दुसरा गोंधळ नावाचा. धूप म्हणून जाळतात ती राळ म्हणजे झाडाचा डिंकासारखा चीक, तिचा या धान्याशी काही संबंध नाही.

इतिहास किती जुना?

राळा हे माणसाने लागवडीखाली आणलेल्या सर्वात जुन्या धान्यांपैकी एक आहे. उत्तर चीनमध्ये पीत नदीच्या खोऱ्यात ८ हजार वर्षांपूर्वीपासून त्याची शेती होत असल्याचे पुरावे आहेत. आपल्याकडे शुक्ल यजुर्वेदात धान्यांची जी यादी येते, तिच्यातलं 'प्रियंगु' म्हणजे राळा असं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृतमधल्या 'कंगु' या शब्दाशी कांग आणि कंगनी या नावांचं नातं आहे.

एक गंमत बऱ्याच मोबाइल वापरणाऱ्यांना माहीत नसते. 'शाओमी' या चिनी शब्दाचा शब्दशः अर्थ 'छोटा तांदूळ' असा होतो आणि चीनमध्ये राळ्यालाच हे नाव आहे. २०१० मध्ये ही मोबाइल कंपनी सुरू झाली, त्या दिवशी संस्थापकांनी राळ्याची पेज प्यायल्याचं कंपनी सांगते. म्हणजे राळा विस्मरणात गेला असं वाटत असलं, तरी त्याचं नाव कोट्यवधी भारतीयांच्या खिशात आहे.

महाराष्ट्रात राळ्याची आठवण एका सणाने टिकवली. मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक घरांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीच्या मिसळ भाजीबरोबर राळ्याचा भात असतो. एरवी वर्षभर राळा ज्या दुकानात हमखास सापडायचा ते दुकान पक्ष्यांच्या खाद्याचं. पोपट आणि लव्हबर्डसाठी तो आजही तिथे विकला जातो.

मग राळा ताटातून गेला कसा?

याचं मोठं कारण दाण्याच्या सालीत आहे. ज्वारी, बाजरी आणि गहू खळ्यात मळले, वारा दिला की मोकळा दाणा हाती येतो. तो थेट दळता येतो. राळा, वरई, सावा आणि कोद्रा यांच्या दाण्याला मात्र भातासारखं टरफल चिकटलेलं असतं. मळणी झाल्यावर उखळात घालून मुसळाने कांडायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं, तेव्हा कुठे खाण्याजोगा राळा मिळायचा. दाणा इतका बारीक की पाखडताना तोही सुपाबाहेर जायचा. हे सगळं काम घरातल्या बायकांवर असायचं. गावात गिरणी आली, पण ती पिठाची. राळ्याचं टरफल काढणारं यंत्र बहुतेक गावांत आलंच नाही.

दुसरं कारण बाजाराचं. रेशन दुकानावर गहू आणि तांदूळ स्वस्तात मिळू लागले. खरिपाचं रान कापूस आणि सोयाबीनकडे गेलं, कारण त्यांना बाजारात नगद पैसा आहे. परभणी जिल्ह्यात आज खरिपात फिरलं की नजर जाईल तिथे सोयाबीन, कापूस आणि तूर दिसते. राळ्याची मोठी शेती आज आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटकाच्या कोरडवाहू पट्ट्यात होते. मराठी बाजारातल्या पाकिटांवर नवणे आणि कोर्रा ही नावं दिसतात ती त्यामुळेच.

पीक म्हणून राळा कमी मागण्या करणारा आहे. ७० ते ९० दिवसांत तो हाती येतो, हलक्या जमिनीतही येतो आणि पाणी कमी लागतं. अडचण काढणीनंतर सुरू होते. टरफल काढण्याची सोय जवळ नसेल तर पिकवलेला राळा खायचा कसा आणि विकायचा कुठे, हा शेतकऱ्याचा प्रश्न आजही आहे.

आता अचानक चर्चा का?

सरकारी धोरण हे त्याचं एक कारण. केंद्र सरकारने २०१८ हे वर्ष राष्ट्रीय पातळीवर मिलेट वर्ष म्हणून साजरं केलं आणि त्याच वर्षी ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्यासह राळ्यालाही 'पोषक धान्य' असा अधिकृत दर्जा दिला. पुढे भारताच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये ठराव केला आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरलं. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात या धान्यांसाठी 'श्री अन्न' हा शब्द आला.

दुसरं कारण आरोग्याचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. घरात एकाची शुगर वाढली की सगळं घर 'काय खायचं' हे शोधायला लागतं. पथ्याची खरी-खोटी माहिती पसरते ती याच शोधात.

१०० ग्रॅम राळ्यात काय असतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या आणि आजही सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या धान्यातले आकडे असे आहेत.

- राळा: प्रथिनं १२.३ ग्रॅम, लोह २.८ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३१ मिलिग्रॅम, ऊर्जा ३३१ किलोकॅलरी
- ज्वारी: प्रथिनं १०.४ ग्रॅम, लोह ४.१ मिलिग्रॅम, कॅल्शियम २५ मिलिग्रॅम, ऊर्जा ३४९ किलोकॅलरी
- बाजरी: प्रथिनं ११.६ ग्रॅम, लोह ८ मिलिग्रॅम, कॅल्शियम ४२ मिलिग्रॅम, ऊर्जा ३६१ किलोकॅलरी
- नाचणी: प्रथिनं ७.३ ग्रॅम, लोह ३.९ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅम, ऊर्जा ३२८ किलोकॅलरी
- पांढरा तांदूळ: प्रथिनं ६.८ ग्रॅम, लोह ०.७ मिलिग्रॅम, कॅल्शियम १० मिलिग्रॅम, ऊर्जा ३४५ किलोकॅलरी

जात, जमीन आणि पॉलिश यांप्रमाणे हे आकडे थोडे वरखाली होतात. तरी तीन गोष्टी स्वच्छ दिसतात.

पहिली, तांदळाशी तुलना केली तर राळ्यात प्रथिनं जवळपास दुप्पट आणि लोह चौपट आहे. भाताच्या जागी राळा आला तर ताट नक्कीच सुधारतं.

दुसरी, ज्वारी-बाजरीशी तुलना केली तर राळ्याचं फारसं वेगळेपण उरत नाही. प्रथिनं थोडी जास्त, लोह मात्र कमी.

तिसरी, कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. राळ्याची मोठी ताटली भरून खाल्ली तर वजन आपोआप कमी होणार नाही.

'तांदळाच्या ४० पट फायबर' हे खरं आहे का?

हा दावा सोशल मीडियावर फार फिरतो. जुन्या तक्त्यात राळ्याचे तंतू ८ ग्रॅम आणि तांदळाचे ०.२ ग्रॅम असे दिले आहेत. त्यांचा भागाकार केला की ४० येतात. पण ते आकडे जुन्या मोजणी पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीत तंतूंचा मोठा भाग मोजलाच जात नव्हता.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात नव्या पद्धतीने मोजल्यावर पांढऱ्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १०.२ ग्रॅम आणि बाजरीत सुमारे ११.५ ग्रॅम तंतू निघाले. जुन्या तक्त्यात ज्वारीचा आकडा अवघा १.६ होता. म्हणजे ज्वारीला वर्षानुवर्षं कमी लेखलं गेलं. या नव्या तक्त्यात राळ्याचा समावेश नाही, त्यामुळे ४० पटीचा दावा जुन्याच आकड्यांवर चालू आहे.

आणखी एक बाब पाकिटाची. राळ्याचे तंतू मुख्यतः दाण्यावरच्या कोंड्यात असतात. पिवळाधमक, गुळगुळीत, चकचकीत दिसणारा राळा जास्त पॉलिश केलेला असतो. त्यातला कोंडा निघून गेलेला असतो. किंचित मळकट आणि खरबरीत दिसणारा राळा पोषणाच्या दृष्टीने बरा.

शुगर खरंच कमी होते का?

इथे पुरावा आहे, पण तो नीट वाचायला हवा.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने २०२१ मध्ये मिलेट आणि मधुमेह यांवरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ११ देशांतले ६५ अभ्यास आणि सुमारे १ हजार माणसांची माहिती होती. मिलेटचा सरासरी ग्लायसेमिक इंडेक्स ५२.७ निघाला. पांढरा तांदूळ आणि मैद्यापेक्षा तो सुमारे ३६ टक्के कमी होता. नियमित मिलेट खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर सरासरी १२ टक्के आणि जेवणानंतरची १५ टक्के कमी झाली.

ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वर चढते याचं माप. आकडा जितका कमी, तितकी साखर हळू चढते.

या आढाव्यातून काय निघतं? भात आणि मैद्याच्या जागी मिलेट आलं की मदत होते. हे सगळ्या मिलेटबद्दल आहे, ज्वारीही त्यात येते. आणि मधुमेह बरा होतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

राळा कसा शिजवला यानेही फरक पडतो. अख्ख्या दाण्याचा मोकळा भात हळू पचतो. त्याचाच रवा, बारीक पीठ किंवा गाळून पातळ केलेली पेज पोटात लवकर विरघळते आणि साखर लवकर चढवते. राळ्याच्या लाडवात गूळ किलोने घातला तर राळ्याचा फायदा गुळात बुडतो.

घरी ग्लुकोमीटर असेल तर साधी चाचणी करता येते. एका दिवशी नेहमीचं वरण-भाजी आणि एक वाटी भात, दुसऱ्या दिवशी तेच वरण-भाजी आणि एक वाटी राळा. दोन्ही दिवशी जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजायची. कुठल्याही रीलपेक्षा हे आकडे त्या माणसासाठी जास्त उपयोगाचे.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी आहार एकदम बदलू नये. औषध तेवढंच आणि साखर देणारं अन्न कमी, असं झालं तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, अचानक चक्कर ही त्याची लक्षणं. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं आणि औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

परभणीची भाकर या चर्चेत कुठे बसते?

परभणीत १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. भेंडीची 'परभणी क्रांती' आणि रब्बी ज्वारीची 'परभणी मोती' ही इथली नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत.

२०१८ मध्ये या विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. देशातला हा पहिला जैवसंपृक्त ज्वारी वाण मानला जातो. जैवसंपृक्त म्हणजे वरून काही न मिसळता पारंपरिक पैदाशीतूनच दाण्यात पोषकद्रव्य वाढवलेला वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, तर परभणी शक्तीमध्ये ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे.

विद्यापीठाने बाजरीतही हेच काम केलं. 'एएचबी १२०० एफई' या संकरित बाजरीत किलोमागे ७३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे.

हे आकडे का महत्त्वाचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. १०० ग्रॅम राळ्यातून त्याचा दहावा हिस्साही मिळत नाही. रक्त वाढवण्यासाठी राळ्यावर पैसे खर्च करणाऱ्या घराने आधी बाजरी, ज्वारी, डाळी, पालेभाज्या आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी यांकडे पाहावं.

ताटात याचा हिशोब सोपा आहे. मराठवाड्यातल्या जेवणात भाकर आणि भात दोन्ही असतात. ज्वारीची भाकर आपलं काम करतेच आहे. पोषण कमी पडतं ते पांढऱ्या भाताच्या वाटीत, शहरात वाढलेल्या मैद्यात आणि रेशनच्या तांदळावर चाललेल्या दोन्ही वेळच्या जेवणात. राळ्याची खरी जागा भाताच्या वाटीत आहे. भाकर काढून राळा आणला तर खर्च वाढतो आणि लोह उलट घटतं.

रोजच्या स्वयंपाकात राळा कसा वापरायचा?

राळ्यात बारीक खडे असू शकतात. त्यामुळे आधी निवडून, तीन-चार पाण्यांत धुऊन, खडे खाली बसतील असा रोळून घ्यायचा.

राळ्याचा भात: एक वाटी राळा किमान अर्धा तास भिजवायचा. दोन ते अडीच वाट्या पाण्याचं आधण ठेवून, चवीला मीठ घालून त्यात राळा वैरायचा. मंद आचेवर झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटं शिजवायचा आणि गॅस बंद करून दहा मिनिटं वाफ मुरू द्यायची. गार झाला की तो कोरडा पडतो, म्हणून गरमच वाढायचा. वरण, कढी किंवा ताकाबरोबर चांगला लागतो.

खिचडी: अर्धी वाटी राळा आणि अर्धी वाटी मुगाची डाळ. राळ्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. वरून लिंबू पिळलं तर लोह शरीरात शोषायला मदत होते.

उपमा: राळा कोरडा भाजून घ्यायचा, कांदा-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीत भाज्या परतायच्या आणि दुप्पट गरम पाण्यात शिजवायचा. शेंगदाण्याचं कूट घातलं की मराठवाड्याच्या जिभेला जवळचा वाटतो.

इडली, डोसा आणि धिरडी: तीन वाट्या राळा, एक वाटी उडदाची डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून, वाटून रात्रभर आंबवायचं. आंबवल्याने पचायला हलकं होतं आणि लोह अडवणारे फायटेट कमी होतात.

थालीपीठ: भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ यांच्याबरोबर मूठभर भाजलेला राळा घालायचा. नुसत्या राळ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे त्याची भाकर थापताना तुटते.

खीर: भोगीच्या जवळपास ही हौस करायला हरकत नाही. शिजवलेला राळा, दूध, वेलची आणि बेताचा गूळ. गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं. शुगर असलेल्यांसाठी हा गोड पदार्थच आहे, हे लक्षात ठेवायचं.

राळ्यात स्निग्धांश तांदळापेक्षा जास्त असतो, त्यामुळे त्याचं पीठ लवकर खवट होतं. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळायचं. अख्खा राळा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.

विकत घेताना काय बघायचं?

- पक्ष्यांच्या खाद्याचा राळा खायला आणायचा नाही. तो टरफलासकट असतो आणि माणसाच्या खाण्यासाठी स्वच्छ केलेला नसतो.
- खवट किंवा कुबट वास आला तर घ्यायचा नाही.
- पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि तारीख पाहायची. राळ्यासह १५ मिलेटसाठी प्राधिकरणाचे गुणवत्तेचे निकष १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत. त्यांत ओलावा, कचरा, किडका दाणा अशा गोष्टींची मर्यादा ठरलेली आहे.
- मिलेट बिस्किटं, नूडल्स आणि झटपट मिक्स घेताना मागची घटकांची यादी वाचायची. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी लिहावा लागतो. आधी मैदा, मग साखर, मग तेल आणि शेवटी राळा असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट आहे.

कोणी सांभाळून खावा?

ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम रोज सुरू करू नये. तंतू अचानक वाढले की पोट फुगतं, गॅस होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्ध्या वाटीपासून सुरुवात करायची आणि पाणी पुरेसं प्यायचं.

थायरॉइडचा त्रास असलेल्यांना मिलेटबद्दल भीती घातली जाते. आयोडीनची कमतरता असताना बाजरीच मुख्य अन्न असेल तर गलगंडाचा धोका वाढतो, असं संशोधनात दिसलं आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या आणि मिश्र आहार घेणाऱ्याला अधूनमधून राळा खाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारलेलं बरं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजून खावं लागतं. त्यांनी आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलंच मिलेट वाढवू नये.

ग्लुटेन न चालणाऱ्या सिलिॲक रुग्णांना राळा चालतो, कारण त्यात ग्लुटेन नसतं. पण ज्या गिरणीत गहू दळतात तिथेच राळा दळला तर गव्हाचं पीठ त्यात मिसळतं. अशा घराने अख्खा राळा शिजवावा किंवा घरच्या घरी दळावा.

सहा महिन्यांवरच्या बाळाला इतर वरच्या अन्नाबरोबर राळा आणि मुगाच्या डाळीची मऊ खिमट चालते. फक्त राळ्याच्या पाण्यावर बाळाला ठेवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*राळा रोज खाल्ला तर चालतो का?*
चालतो, पण अदलाबदल चांगली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि राळा प्रत्येकाचं बलस्थान वेगळं आहे. एकाच धान्यावर राहण्यापेक्षा आठवड्यात फिरवून खाल्लं तर उणिवा झाकल्या जातात.

*राळा आठ तास भिजवलाच पाहिजे का?*
शिजण्यासाठी अर्धा तास पुरतो. जास्त वेळ भिजवला तर फायटेट थोडे कमी होतात, एवढंच. न भिजवता खाल्ला तर तो विषारी ठरतो, ही अफवा आहे.

*वजन कमी होतं का?*
तंतूंमुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि पुढचं खाणं थोडं कमी होऊ शकतं. प्रमाण वाढवलं तर तो फायदा राहत नाही.

*राळा परवडत नसेल तर?*
काही बिघडत नाही. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि लिंबाची फोड हे ताट पोषणात कुठल्याही महागड्या पाकिटाला मागे टाकतं. भात कमी करून त्या जागी अर्धी भाकर वाढवली, तरी राळ्याने जे साधायचं होतं त्यातलं बरंचसं साधतं.